हजर मास्तर

आमच्या शाळेच्या चारही खोल्यांत आता सरकारी धान्याच्या गोणी आहेत. दाराला कुलूप, कुलपाला लाखेचं सील. दुष्काळ सरला, पांगलेली माणसं परत आली, विहिरींना पाणी आलं. शाळा तेवढी परत आली नाही.

यावर मी पत्रक काढलं होतं. पत्रकं काढणं हा माझा धंदाच आहे. नगरला आमच्या मंडळाचं एक सायक्लोस्टाइल यंत्र आहे आणि त्याची शाई माझ्या नखांतून कधी जात नाही. त्या पत्रकात मी 'निर्लज्ज', 'निगरगट्ट' आणि 'जनताद्रोही' हे तीन शब्द एकाच ओळीत बसवले होते, आणि मोठ्या अभिमानानं तो कच्चा कागद हेडसरांच्या पुढं धरला होता. सर तेव्हा गाव सोडायच्या तयारीत होते. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, तिन्ही शब्दांवर एकेक आडवी रेघ मारली आणि कागद परत दिला.

"अहो, आता वाचा."

वाचलं. उरलं होतं ते एवढंच : 'आमच्या गावातली माध्यमिक शाळा बंद करण्यात आली आहे.'

"एवढंच?"

"एवढंसुद्धा नाही. 'करण्यात आली' काढा. 'केली' लिहा, आणि कुणी केली ते लिहा. शिव्या लोक स्वतः देतील. त्यांच्या तोंडचा घास तुम्ही कशाला काढून घेता?"

म्हणून हे लिहिताना मी विशेषणं आवरतो आहे. जिथं आवरणार नाहीत तिथं मी माफी मागणार नाही. सरांची गोष्ट वेगळी, माझी वेगळी.

आमचं गाव कर्जत तालुक्याच्या कोरड्या कडेला आहे. मिरजगावच्या बाजाराला पायी निघालं तर सकाळचा माणूस भर उन्हात पोचतो. अशा गावात आठवी ते अकरावीची शाळा होती, कारण गावानं श्रमदानानं चार खोल्या बांधल्या होत्या आणि एका संस्थेनं त्यांना आपली पाटी लावली होती. पाटी संस्थेची, दगड आमचे. आणि हेडमास्तर म्हणून संस्थेनं पाठवलेला हा माणूस : उन्हाळ्यातसुद्धा काळ्या कोटाची सगळी बटणं लावलेला, खाली पायजमा, पायात टायरच्या वहाणा, कानावर सुतारासारखी पेन्सिल.

ते आले तेव्हा मी आठवीत होतो. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "अहो, तुम्ही. खिडकीजवळचे. जरा उभे राहता का?"

मी मागं वळून पाहिलं. माझ्या मागं भिंत होती.

आयुष्यात मला कुणी 'अहो' म्हटलं नव्हतं. घरी 'ए', रानात 'आरं', जुन्या मास्तरांच्या तोंडी 'गधड्या'. सर मात्र शाळेतल्या प्रत्येक पोराला 'अहो-जाहो' करायचे, पोरींना 'बाई' लावून हाक मारायचे. सगळा वर्ग आठवडाभर हसत होता. मग हसणं थांबलं, कारण ते हाक मारताना हसत नव्हते. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक मुलगा आमच्या वर्गात होता. त्याला 'अहो' ऐकून घाम फुटायचा. त्याचा बाप एकदा शाळेत आला आणि हात जोडून म्हणाला, "मास्तर, पोराला आसं बोलू नगा. गावात लोक इचारत्यात, तुमचं पोरगं तहसीलदार झालं का काय?"

सर म्हणाले, "अजून नाही. सवय असू द्या."

हजेरीची तऱ्हा आणखी निराळी. सर सगळ्यात आधी स्वतःचं नाव घ्यायचे. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. मग क्षणभर थांबायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे : "हजर." त्यानंतर आमची नावं. गावात त्यांना 'हजर मास्तर' हे नाव पडलं ते यावरून. चावडीवर पोरं त्यांची नक्कल करायची आणि म्हातारे पोट धरून हसायचे. आम्हीही करायचो. पण एक सांगतो, ज्या शाळेत मास्तरचं येणं हे पावसासारखं बेभरवशाचं होतं, त्या शाळेत मास्तर स्वतः आलाय की नाही हे आधी तपासलं जातंय, यात हसण्यासारखं काही नव्हतं.

उशिरा येणाऱ्याला छडी नव्हती. उशिरा आलेल्यानं दाराबाहेरच्या पायरीवर बसायचं. त्याला आत घ्यायचं की नाही हे सर ठरवायचे नाहीत, वर्ग ठरवायचा. वर्ग एका सुरात "या!" म्हणाला की आत. एकदा विहिरीवर दोर तुटला म्हणून सरांनाच उशीर झाला. ते आले, पायरीवर बसले, तिथूनच स्वतःचं नाव घेतलं आणि म्हणाले, "गैरहजर." आम्ही कसले सोडतोय! चित्रकलेच्या तासापर्यंत त्यांना बाहेर बसवलं. ते शांतपणे पायरीवर बसून खिडकीतून भूमिती शिकवत होते. शेवटी आम्हालाच लाज वाटली आणि आम्ही "या!" म्हणालो. आत आल्यावर म्हणाले, "आभारी आहे. वर्ग तुमचा आहे. कुणाला आत घ्यायचं ते तुम्ही बघा."

हे वाक्य ते इतक्या सहज म्हणाले की त्याचं दुसरं टोक मला बऱ्याच वर्षांनी सापडलं.

गावानं त्यांना घर दिलं नव्हतं. सरळच सांगतो. सर नगरच्या मिशनच्या आवारात वाढलेले, ख्रिस्ती. गावाच्या लेखी किरिस्ताव म्हणजे धर्म बदललेला पण जात न बदललेला माणूस. तोंडावर कुणी काही बोललं नाही. आमच्या गावात तोंडावर बोलायची पद्धतच नाही. एकाची भिंत पडायला झाली होती, दुसऱ्याकडं पाहुणे यायचे होते. माझ्या बापाकडं दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्यात त्यानं रातोरात कडबा भरला. तेव्हा सर शाळेतच राहिले. फळ्यामागं त्यांची वळकटी, एक ट्रंक, एक स्टोव्ह. गावात कुणाकडं गेलेच तर ओट्यापर्यंत. चहा मिळाला तर वळचणीत खोचलेल्या कानतुटक्या कपातून. पिऊन झाल्यावर कप स्वतः धुवायचे, पुन्हा वळचणीत खोचायचे आणि घरमालकाला म्हणायचे, "चहा छान होता." त्यांच्या आवाजात टोमणा शोधायचा मी लहानपणी फार प्रयत्न केला. मला हवा होता. सापडला नाही.

आता इंग्रजीचं. सरांचा नियम होता : सबब सांगायची तर इंग्रजीत सांगायची. "मराठीत खोटं फार सहज बोलता येतं, आईच्या मांडीवर शिकलेली भाषा ती. खोटं बोलायचंच तर इंग्रजीत बोला. पहिल्याच क्रियापदाला अडखळाल, तेवढ्यात विचार कराल, आणि गप्प बसाल."

बहुतेक जण गप्पच बसायचे. माझ्या वर्गातला गेनू मात्र धीट. तो एकदा दोन दिवस दांडी मारून आला आणि उभा राहून ठणकावून म्हणाला, "सर, माय ग्रँडमदर इज डाय."

"डाइड," सर म्हणाले.

"तेच सर. डाइड."

"वाईट झालं. आता पूर्ण वाक्य पुन्हा."

गेनूनं आजीला पुन्हा एकदा, या वेळी व्याकरणशुद्ध मारलं. त्याच दुपारी त्याची आजी कोंडाबाई विसरलेली भाकरी घेऊन शाळेच्या दारात उभी. बातमी तिला वाटेतच कळली होती.

"काय रं मुडद्या, म्या मेले व्हय? आन् हे भाकर घिऊन कोन आलंय, माझं भूत?"

वर्ग बाकाखाली. सर उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "आजी, हजर?"

"हाय की! न दिसाया काय झालं?"

"मग आत या ना. बसा. शाळा तुमच्याच गावाची."

कोंडाबाईनं उंबऱ्याकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं, पदर सावरला. "नगं मास्तर. म्या हितंच बरी." आणि भाकरी उंबऱ्यावर ठेवून गेली. का आली नाही हे सरांनाही कळलं, आम्हालाही. सर भाकरीच्या फडक्याला बोटही न लावता म्हणाले, "गेनूराव, तुमची भाकरी घ्या. ग्रँडमदर इज अलाइव्ह."

तेव्हापासून गावात कोंडाबाईला 'मेलेली कोंडा' म्हणायला लागले. तिलाही ते आवडायचं. कुणी उधारउसनवार मागायला आलं की म्हणायची, "मेल्या बाईकडं काय मागतूस बाबा?"

मी मॅट्रिक होऊन नगरला गेलो, कॉलेजात कमी आणि मंडळात जास्त रमलो. परत आलो ते बहात्तरच्या दुष्काळात. गाव ओळखू येईना. जनावरं घोडेगावच्या बाजारात मिळेल त्या भावात गेली होती. गावापासून दोनएक मैलांवर पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि ज्याला हात होते तो तिथं होता. शाळेतली मोठी मुलं आधी गेली, मग आठवी-नववीची. दुसरे दोन मास्तर बदली घेऊन गेले. मी शाळेत गेलो तर सर एकटेच वर्गात उभे. स्वतःचं नाव घेतलं, "हजर" म्हणाले. मग रिकाम्या बाकांकडं बघत एकेक नाव घेऊ लागले. प्रत्येक नावानंतर उत्तरासाठी थांबत होते. पुरेसं थांबत होते. मी दारात उभा होतो, मला आत जाववेना.

हजेरी संपल्यावर म्हणाले, "अहो, बरं झालं आलात. फळ्याचं एक टोक धरता का?"

फळा आम्ही दोघांनी पाझर तलावावर नेला. बाभळीला टेकवला. दुपारच्या सुट्टीत शाळा भरू लागली. पण तासाभरानं सरांचं समाधान होईना. "विद्यार्थी उन्हात आणि मास्तर सावलीत, हा कुठला वर्ग?" म्हणाले, आणि कोट घालूनच घमेल्यांच्या रांगेत उभे राहिले. मजुरी नाही, मस्टरवर नाव नाही, नुसतेच.

खड्ड्यापासून भरावापर्यंत माणसांची रांग असायची आणि मातीचं घमेलं हातोहात जायचं. सरांनी त्या रांगेवर इंग्रजीची क्रियापदं चढवली. घमेलं उचलणारा म्हणायचा "गो", मधला "वेंट", आणि भरावावर माती टाकणारा "गॉन!" एक रूप एका हाताला. रांगेत मुलं होती, आया होत्या, बाप होते. मधे कोंडाबाई होती. ती "वेंट" म्हणायला शिकली आणि तिला ते इतकं पसंत पडलं की पुढं क्रियापद बदललं तरी ती बदलायची नाही.

"ईट," तिची नात सुमन म्हणायची. सुमन म्हणजे गेनूची बहीण, अकरावीत होती.

"वेंट!" कोंडाबाई.

"आजी, आता एट म्हणायचं."

"येकदा दिला शबुद तो दिला. रोज नवा कुठनं आणू? हे काय सरकारी सुकडी हाय का वाटायला?"

"चालेल," सर रांगेतून म्हणायचे. "आजींचं वेंट. पुढं चला. ईटन!"

मी मोर्चे पाहिलेत, हजारो माणसांच्या घोषणा ऐकल्यात. पण त्या उघड्या माळावर, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खाऊन आलेली माणसं इंग्रजी क्रियापदं मातीबरोबर पुढं ढकलतायत, आणि मधूनच सत्तरीची बाई खणखणीत "वेंट!" म्हणते आहे, यासारखं काही मी नंतर ऐकलेलं नाही. कामावरचा मुकादम डोक्याला हात लावायचा.

"मास्तर, ह्ये काम हाय का भजन?"

"अहो मुकादम, घमेली मोजा. कमी भरली तर मला सांगा."

घमेली कमी भरत नव्हती. तक्रार दुसरीकडून आली. आठवड्याचं मोजमाप व्हायचं तेव्हा टेपचं एक टोक मुकादम धरायचा, दुसरं कुणीतरी. सरांनी सांगितलं म्हणून दुसरं टोक सुमन धरू लागली. लांबी, रुंदी, खोली. मुकादम आकडा बोलायच्या आत तिचा तयार असायचा, आणि तिचा नेहमी मोठा निघायचा. बायका मुकादमाकडं बघायच्या. मुकादम आभाळाकडं. दोन आठवडे त्यानं सोसलं, मग तलावाच्या कामावरच्या साहेबाच्या कानावर घातलं की शाळेच्या पटावरची पोरं मस्टरवर आहेत, मास्तर तिथंच त्यांची हजेरी लावतोय, एक पोर दोन ठिकाणी हजर दाखवलंय.

ही तक्रार संस्थेच्या चेअरमनला हवीच होती. त्यांना हमरस्त्यावरच्या मोठ्या गावात नवी शाळा काढायची होती आणि त्यासाठी आमची बंद पडायला हवी होती. इथं माझ्याजवळ एक विशेषण आहे. आवरतो.

दिपोटी साहेब जीपमधून आले. शाळा तपासणारा साहेब, गावाच्या तोंडी दिपोटी. घामानं निथळत होते, आल्या आल्या पाणी मागितलं आणि पाणी देणारीला 'बाई' म्हणाले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

"हेडमास्तर, शाळेला कुलूप आहे. ही मुलं शाळेत हजर आहेत की कामावर?"

"दोन्हीकडं," सर म्हणाले. घमेलं अजून हातातच होतं.

"असं कसं? एका वेळी माणूस एकाच ठिकाणी हजर असतो. शाळेत हजर असतील तर मस्टर खोटं. नावं आज कापावी लागतील, आठवड्याचा पगार आणि धान्य बंद. कामावर हजर असतील तर तुमचा पट खोटा. शाळेची मान्यता राहणार नाही. मला एक काहीतरी लिहून न्यायचंय. कुठं होती ते सांगा."

मुकादमानं मस्टर काखेतून काढून हातात धरलं. रांग थांबली होती. घमेली जिथल्या तिथं, कुणाच्या हातात, कुणाच्या डोक्यावर.

मी सरांच्या जवळ गेलो. हळूच म्हणालो, "सर, शाळेत होती म्हणून सांगा. नावं कापू देत. आपण कर्जतला मोर्चा नेऊ. कचेरी दणाणून सोडू."

"मोर्चा कधी?"

"सोमवारी. फार तर मंगळवारी."

"आणि उद्या दुपारी ही काय खातील?"

माझ्याजवळ पत्रकं होती. खूप होती.

सरांनी रांगेवरून नजर फिरवली. वर्गात हजेरी घेताना फिरवायचे तशीच, सावकाश, एकेका तोंडावर थांबत. कोंडाबाईवर थांबले. सुमनवर थांबले. मग घमेलं खाली ठेवलं, हात कोटाला पुसले आणि साहेबांना म्हणाले :

"दे वेअर नॉट इन स्कूल, सर. दे वेअर ॲट वर्क. द स्कूल वॉज ॲबसेंट."

साहेब चमकले. "अहो, मराठीत सांगा की."

"मराठीत मला ते जमणार नाही."

साहेबांना इंग्रजी कळलं, ते इंग्रजीत का ते कळलं नाही. त्यांनी लिहून घेतलं. मुकादमालाही कळलं नाही, त्यानं मस्टर पुन्हा काखेत घातलं. पण रांगेत जेवढी म्हणून शाळेची पोरं होती त्यांच्या माना एकाच वेळी खाली गेल्या. सुमनच्या हातातलं घमेलं निसटलं, माती तिच्या पायावर पडली.

"काय म्हनले गं मास्तर?" कोंडाबाईनं विचारलं.

"इंग्रजीत बोलले," सुमन म्हणाली. एवढंच म्हणाली.

"इंग्रजीत?" कोंडाबाई सरांकडं बघत राहिली. इंग्रजीत काय बोलायचं असतं हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक होतं? तिला त्याच भाषेत मारलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारवार, काम बंद. त्या दिवशी शाळा गावात भरायची. मीही जाऊन मागच्या बाकावर बसलो. सर आत आले, टेबलाशी उभे राहिले, स्वतःचं पूर्ण नाव घेतलं आणि थांबले. मग म्हणाले, "गैरहजर." आणि शांतपणे बाहेर जाऊन पायरीवर बसले.

वर्ग ओरडला, "या!"

सर हलले नाहीत.

"या सर! या!"

"अजून नाही," बाहेरून आवाज आला.

सुमन उठून दारात गेली. "सर, तुम्ही आमच्यासाठी बोललात. ते काही खोटं..."

"सुमनबाई," सर म्हणाले, "सबब इंग्रजीत."

सुमनला इंग्रजी चांगलं येत होतं. तरी ती दारात तशीच उभी राहिली आणि ते वाक्य तिला बांधता आलं नाही.

त्यानंतर वर्ग भरलेला असताना सर आत आलेच नाहीत. तलावावर रांगेत उभे राहायचे तसेच राहिले, "गो, वेंट, गॉन" तसंच चाललं, पण बाजारवारी शाळेत खिडकीबाहेर उभं राहून शिकवायचे. मुलं दर वेळी "या" म्हणायची, ते दर वेळी "अजून नाही" म्हणायचे. मान्यता काढल्याचा कागद उन्हाळ्यात आला. अकरावीची मुलं कशीबशी दुसऱ्या शाळेच्या नावावर परीक्षेला बसली. सुमन पास झाली. खालच्या वर्गांचं सांगतो. हमरस्त्यावरची नवी शाळा नऊ मैल. मुलांपैकी थोडे गेले. मुलींपैकी एकही गेली नाही. हे वाक्य मी विशेषणाशिवाय लिहिलं आहे.

शाळेबरोबर सरांचं घरही गेलं, कारण शाळा हेच घर होतं. संस्थेनं त्यांना नव्या शाळेत घेतलं नाही. ते नगरला बहिणीकडं जाणार होते. निघायच्या दिवशी मी सायकलवर त्यांची ट्रंक बांधली. पहिला पाऊस पडून गेलेला, गल्लीत चिखल. सर पुढं, मी सायकल ढकलत मागं. एसटीला फाट्यापर्यंत चालत जायचं होतं. दारादारांत माणसं उभी होती, आपापल्या ओट्यावर. नमस्कार करत होती. कुणीतरी "पुन्हा या मास्तर" म्हणालं. माझा बाप पण उभा होता. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत त्या वर्षी कडबासुद्धा नव्हता.

कोंडाबाईचं घर गल्लीच्या शेवटी. बुटकं दार, शेणानं सारवलेला उंबरा. ती दारातच होती.

"मास्तर, या."

"येतो आजी," सर म्हणाले आणि हात जोडले.

"तसं न्हवं. आत या म्हन्ते."

सर थांबले. मीही थांबलो. समोरच्या घरातली सून हातातली घागर तशीच धरून बघत राहिली. कोंडाबाई तिच्याकडं वळली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघतीस काय गं डोळं फाडून? म्या तर कवाच मेले, इंग्रजीत. मेल्या मानसाला इटाळ नसतोय. ह्या मास्तरनं माझं लेकरू जगवाया आपली साळा मारली. म्या उंबरा संबाळत बसू व्हय?" आणि सरांना म्हणाली, "किती दिस भाईर बसायचं? लई झालं. चला."

आतून सुमन म्हणाली, "या, सर." तिच्या मागून गेनू म्हणाला, "या." तो कधीच वर्गाच्या सुरात सूर मिसळायचा नाही, पण त्या वेळी मिसळला.

सरांनी टायरच्या वहाणा काढल्या. कोटाचं वरचं बटण चाचपून पाहिलं, कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. दार बुटकं होतं, त्यांना पुष्कळ वाकावं लागलं. आत चुलीवर गुळाचा चहा उकळत होता आणि कोंडाबाईनं घरातल्या पितळ्या ओळीनं मांडल्या होत्या. त्यांत वेगळी अशी एकही नव्हती.

मी सायकल धरून बाहेरच उभा होतो. म्हातारी आत काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. मग सरांचा आवाज आला. आधी त्यांनी स्वतःचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. नेहमीसारखे थांबले. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबले.

"हजर."